विमलताईंच्या गाडीचं पायदान

मारेगावात नवी गाडी कंपनीतून येते तेव्हा ती कच्ची असते असं मानतात. कंपनीवाले बिचारे शहरातले, त्यांना जमेल तेवढी बनवून पाठवतात. पुरी करायची ती आपण. ट्रॅक्टर आला की त्याला छत बसतं, छताला झालर लागते, झालरीला गोंडे. ऑटोला पुढे जास्तीचा आरसा लागतो, ज्यात फक्त चालकाचा भांग दिसतो. एका गृहस्थाने तर दुधाच्या कॅनसाठी मोपेडला इतकं लोखंड ठोकलं, की विकायला काढली तेव्हा शोरूमवाल्यापेक्षा भंगारवाल्याने चांगला भाव दिला.

त्यामुळे पुण्याच्या अक्षयने आईसाठी बॅटरीवर चालणारी स्कूटर पाठवली आणि फोनवर वडिलांना बजावलं, "बाबा, हिला काहीही लावू नका," तेव्हा पुंडलिकराव बोढे "हाव" म्हणाले खरे. पण तो हाव म्हणजे सरपंचाने ग्रामसभेत म्हटलेला हाव होता.

ही स्कूटर म्हणजे ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठीची. एक गुबगुबीत खुर्ची, खाली चार छोटी चाकं, पुढे दांडी आणि दांडीवर गोल फिरणारं बटण. बटणाच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. विमलताईंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. शुगर उतरली की ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणत होते, आणि शुगर डॉक्टरांचं ऐकत नव्हती. तेव्हा अक्षयने सहज विचारलं, "आई, तुला काय पाहिजे?" मिक्सरच्या भांड्याच्या पलीकडे कधी काही न मागितलेल्या विमलताई म्हणाल्या, "एकदा समुद्र पाह्यला असता."

आता समुद्र पाहायचा तर किनारा पुरतो. पण किनाऱ्यावर वाळू, वाळूत ना गुडघे चालत ना चाकं. म्हणून मग जहाज. मुंबईहून निघायचं, दोन रात्री पाण्यावर राहायचं, परत यायचं. सोबत अक्षय, सुरभी आणि त्यांची साडेतीन वर्षांची खुशी. अक्षयने जहाजवाल्यांना स्कूटरचं माप कळवलं, त्यांनी दारांचं आणि लिफ्टचं माप कळवलं, आणि दोन्ही मापं एकमेकांत अगदी सुखाने बसली. कागदावर बसली.

पहिल्या दिवशी विमलताई स्कूटरवर बसून बाजाराकडे निघाल्या. इथेच घोटाळा झाला.

लग्न झाल्यापासून रस्त्याने पुंडलिकराव पुढे आणि विमलताई चार पावलं मागे, हा क्रम कधी मोडला नव्हता. लग्नाला जाताना, मयतीला जाताना, मतदानाला जाताना, हाच. यात कुणाचा अपमान आहे असं कुणाला वाटत नसे. मागच्या माणसाला वाटत असलं तरी चार पावलं मागून बोललेलं पुढच्याला ऐकू येत नाही, हा त्या पद्धतीचा मोठाच फायदा होता.

आणि आज विमलताईंनी बटण फिरवलं. त्यांना कासव आवडलं नाही.

"अवं, हळू!" पुंडलिकराव मागून म्हणाले.

विमलताईंना ऐकू आलं नाही. चार पावलांची पद्धत आता उलट्या दिशेने काम करत होती.

चहाच्या टपरीवर नेमकी तेव्हाच सगळी बाकं भरलेली. "काकाजी, काकू तं पुढं निंघाल्या ना!" एकाने हाक दिली. "धाप लागली का? बसा, पाणी प्या!" दुसरा म्हणाला. तिसरा नुसता बाकावर सरकून जागा करून देऊ लागला, आणि ते सगळ्यात जास्त लागलं. कपाशीचं वाण असो, ग्रामपंचायतीचा उमेदवार असो, ज्याला गावाने आजवर विचारून सगळं केलं, तो माणूस भर बाजारात, एका हातात भाजीची पिशवी आणि एका हातात धोतराचा सोगा धरून बायकोच्या मागे पळत होता.

घरी आल्यावर विमलताईंचा चेहरा असा काही उजळला होता की रागवायलाही जागा नव्हती. "आवो, किती दिवसांनी मी शंकराच्या देवळापर्यंत गेली," त्या म्हणाल्या. "तुमी कुठी राह्यलते?"

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारच्या कौसल्याबाईंनी आधी चारही चाकांना हळद-कुंकू लावलं आणि मग चिंता व्यक्त केली. "माय, वरून ऊन लागन तुले. टप नाई का याले?" गल्लीच्या टोकाला राहणारा नेमसिंग राठोड ट्रक चालवायचा, त्याचं लोखंडाशी वेगळंच नातं होतं. त्याने स्कूटरला एक चक्कर मारली, बंपरच्या जागी बोट फिरवलं आणि डॉक्टरने एक्सरे पाहावा तसा उसासा टाकला.

"भाऊ, गार्ड नाई याले."

"जहाजावर कायले लागते गार्ड?"

"समजा समोरून दुसरी आली तं?"

समुद्रावर समोरून दुसरी कशी येईल, हे पुंडलिकरावांना विचारता आलं असतं. पण त्यांच्या मनात कालपासून एक वेगळीच कल्पना उगवली होती आणि तिला खतपाणी देणारा माणूस समोर उभा होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "नेमसिंग, मागं उभं राहाले एखादं पायदान बसन का?"

"कोनाले उभं राहाले?"

"कोनालेबी. सुरक्षेसाठी."

नेमसिंगने त्यांच्याकडे पाहिलं. तोही नवरा होता. "बसन," तो म्हणाला.

पांढरकवड्याला हायवेवर ट्रकांना सजवणारे कारागीर आहेत. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा साधा ट्रक तिथे थांबतो आणि नवरदेव होऊन पुढे जातो. स्कूटर नेमसिंगच्या ट्रकमध्ये चढली, विमलताई पुढे नेमसिंगशेजारी बसल्या. कारागिराने स्कूटर पाहिली, हसू दाबलं आणि कामाला लागला. पुढे गार्ड बसला. दोन्ही बाजूंना लोखंडी गजांचे जंगले बसले. वर टप, टपाला लाल गोंडे. घंटीच्या जागी ट्रकचा संगीत हॉर्न, जो वाजला की समोरच्या ढाब्यावरची माणसं जेवण सोडून कोण आलं ते पाहायची. पेंटरने न विचारताच पाठीवर 'आईचा आशीर्वाद' लिहून टाकलं.

"अवं माय," विमलताई म्हणाल्या, "माह्याच गाडीवर माहाच आशीर्वाद?"

आणि शेवटी पायदान. चांगल्या जाड पत्र्याचं, धरायला पाइप असलेलं.

"काकाजी, हे बोल्टनं लावतो," वेल्डर म्हणाला. "बाकीचं बी बोल्टवरच हाय. काढाचं झालं तं काढता येते."

"बोल्ट ढिला पडते," पुंडलिकराव म्हणाले. "याले वेल्डिंग कर. जन्मभर हललं नाई पाह्यजे."

ठिणग्या उडाल्या आणि पुंडलिकरावांची इज्जत स्कूटरला कायमची जोडली गेली. ते चढून उभे राहिले, विमलताईंनी सशावर बटण ठेवलं आणि दोघं हायवेच्या कडेने निघाले. आता ते मागे होते, पण वर होते. पुढे बसलेल्यापेक्षा मागे उभा असलेला मोठा दिसतो, हे त्यांनी देवाच्या रथात पाहिलं होतं.

चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवला.

"नंबर?"

"नंबर नाई साहेब. हे वाहन नोहे, खुर्ची आहे. हिचे गुडघे दुखते."

"खुर्चीले हॉर्न कायले?"

पुंडलिकरावांनी पायदानाचा पाइप आणखी घट्ट धरला.

"अन् गुडघे बाईचे दुखते, तं तुमी काहून चढले?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पोलिसाने वाहन म्हणावं तर नंबर नाही, खुर्ची म्हणावी तर पावती कशाची फाडायची, असा बराच विचार केला आणि शेवटी एकदा हॉर्न वाजवून दाखवायला सांगून सोडून दिलं.

परतीच्या आधी कळंबला चिंतामणीपुढे पूजा झाली. पुढे जेसीबी, मागे नवं मळणीयंत्र, मध्ये विमलताई. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. पुजाऱ्याने सवयीने विचारलं, "डायव्हर कोण?" आणि विमलताईंनी आयुष्यात पहिल्यांदा शाळकरी मुलीसारखा हात वर केला.

*

वर्ध्याहून रेल्वेने मुंबईला जाताना स्कूटरचं काय काय झालं ते सांगत बसलं तर जहाज सुटून जाईल. बंदरावर अक्षय पुण्याहून येऊन थांबला होता. त्याने टप पाहिला, गोंडे पाहिले, जंगले पाहिले, आणि लहानपणी गणितात नापास झाल्यावर वडील ज्या नजरेने त्याच्याकडे पाहायचे ती नजर त्याने वडिलांना व्याजासकट परत केली.

"बाबा. मी काय म्हटलं होतं?"

"काही लावलं नाई," पुंडलिकराव म्हणाले. "पुरी केली फक्त."

खुशीने मात्र आजीच्या मांडीवर झेप घेतली आणि हॉर्नवर बोट ठेवलं. त्या दिवशी त्या स्कूटरचं कौतुक करणारी ती एकटीच. बंदरावरच्या माणसानेही तेच विचारलं, हे वाहन आहे की खुर्ची. पुंडलिकराव "खुर्ची" म्हणाले. त्यानेही हॉर्नकडे पाहिलं. पण मागे रांग वाढत होती आणि खुशी हॉर्नवरून बोट काढत नव्हती, म्हणून त्याने घाईघाईने आत सोडलं.

जहाजात मात्र कुणाला घाई नव्हती. लिफ्टपाशी स्कूटर अडली. रुंदीला अडली, लांबीला अडली, आणि टपाचे गोंडे दारात अडकून उंचीलाही अडली. गणवेशातली एक गोड मुलगी आली, तिने टेपने मोजलं, हातातल्या पडद्यावर अक्षयने कळवलेलं माप पाहिलं, पुन्हा मोजलं. मग अत्यंत नम्रपणे सांगितलं, की स्कूटर इथेच, खालच्या मजल्यावर सामानाच्या जागेत राहील. माँजी खोलीपर्यंत जहाजाच्या चाकाच्या खुर्चीने जातील. पण ती खुर्ची चढण्या-उतरण्यापुरतीच. फिरायला मिळत नाही.

आणि खोलीला खिडकी नव्हती.

खिडकीची खोली महाग असते. अक्षयने हिशेब केला होता, की आई झोपायलाच खोलीत असेल, दिवसभर स्कूटरवर वरती. आता आई दिवसभर खोलीत होती. खोलीत पलंग होता, टीव्ही होता, आणि भिंतीवर समुद्राचं एक मोठं चित्र. समुद्र पाहायला मारेगावहून निघालेल्या विमलताई समुद्राच्या मधोमध बसून समुद्राचं चित्र पाहत होत्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "जा तुमी वर. खुशीले दाखवा."

पुंडलिकराव गेले. वर दार उघडून बाहेर आले आणि कठड्याला धरून उभे राहिले ते राहिलेच. किती वेळ ते त्यांनाही कळलं नाही. खाली आले तेव्हा विमलताईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"कसा आहे?"

पुंडलिकरावांनी डोकं खाजवलं. "पाणी आहे."

"बेंबळ्याच्या धरणावानी?"

खरं सांगावं तर हिला वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं. "तसंच," ते म्हणाले. "थोडं इकडं तिकडं. अन् खारं. एका एकराले कामाचं नाई. काही खास नाई, सांगतो तुले."

विमलताईंनी त्यांच्या वाऱ्याने उभ्या राहिलेल्या केसांकडे पाहिलं, लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"मंग एवढ्या वेळचे वर काय करून राह्यलते?"

पुंडलिकराव पलंगाच्या कडेला बसले. चित्रातला समुद्र हलत नव्हता. खोली हलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षयने जहाजातल्या एका मेकॅनिककडून पाने मागून आणले आणि गार्ड, जंगले, टप सगळं उतरवलं. पांढरकवड्याच्या कारागिराने चोख काम केलं होतं; बोल्ट जसे लागले तसे सुटले. स्कूटर पुन्हा सडपातळ झाली. फक्त मागचं पायदान राहिलं. लिफ्टचं दार त्या पायदानावर आपटून दर वेळी परत उघडत होतं, जणू काही आत आणखी कुणी यायचंय.

ते कापावं लागणार होतं. कापायचं म्हणजे ठिणग्या. जहाजावर ठिणग्या म्हणजे वरपर्यंत परवानगी. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पुंडलिकरावांना समोर बोलावलं. सुरभी खुशीला कडेवर घेऊन बाजूला उभी होती, अक्षय ग्रीसच्या हातांनी, आणि मागे तक्रारी घेऊन आलेल्यांची रांग.

"ये पार्ट किसलिए है?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सुरक्षा के लिए," पुंडलिकराव तत्परतेने म्हणाले.

अधिकाऱ्याने मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. "सुरक्षा का पार्ट हम नहीं काट सकते. पेशंट को कुछ हुआ तो?"

पुंडलिकराव दचकले. "नाही नाही, तशी सुरक्षा नहीं. कुछ होता नहीं काटने से."

"तो फिर किसलिए है?"

"वैसे ही है."

"वैसे ही कोई वेल्डिंग नहीं करता, अंकल."

हे मात्र खरं होतं. पुंडलिकरावांनी अक्षयकडे पाहिलं. अक्षयच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता. पाठीमागे कुणीतरी घड्याळ पाहिलं. आयुष्यभर त्यांनी तहसीलदारापुढे, बँकेपुढे, कृषी अधिकाऱ्यापुढे वेळ मारून नेली होती. एवढं एक वाक्यही निभलं असतं. सामान आहे म्हणून सांगितलं असतं, पिशवी ठेवायला म्हटलं असतं. पण पिशवी ठेवायचं पायदान जाड पाइप लावून कुणी करत नाही, आणि अधिकारी ते बघायला पुन्हा खाली येणार, पुन्हा विचारणार, तोवर परतीचा किनारा येणार. उद्या सकाळी उतरायचं होतं. खाली त्या खोलीत विमलताई चित्रापुढे बसल्या होत्या आणि विचारलं तर "छान आहे" म्हणणार होत्या.

"मेरे वास्ते है," पुंडलिकराव म्हणाले.

"आपके घुटने भी...?"

"मेरे घुटने मस्त है." त्यांनी घसा साफ केला. आवाज उगाच मोठा निघाला. ग्रामसभेत बोलायची सवय. "वो आगे जाती गाडी पे, मैं पीछे पैदल. लोग हसते. बायको के पीछे चलने की शरम आती मेरे को. इसलिए लगाया. काट दो."

रांगेतल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे वळल्या. नवरे छताचं नक्षीकाम पाहू लागले. सुरभीने खुशीच्या झबल्याची गुंडी, जी लागलेलीच होती, पुन्हा लावली. अधिकाऱ्याने पेन उचललं, काही तरी लिहिलं आणि अजिबात न हसता म्हणाला, "काट देंगे, अंकल."

"आजोबा, शरम म्हणजे काय?" खुशीने विचारलं.

"जड असते," पुंडलिकराव म्हणाले. "लोखंडाची."

*

ऊन उतरायला लागलं तेव्हा विमलताई लिफ्टमध्ये शिरल्या. मांडीवर खुशी. दार एकदाच मिटलं. लिफ्टमध्ये दुसऱ्या कुणाला जागा नव्हती, म्हणून पुंडलिकराव जिन्याने निघाले. प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा धरत, धापा टाकत ते वर आले तेव्हा विमलताई आधीच पुढे निघून गेल्या होत्या. लांब सरळ डेक, वारा, आणि बटण सशावर. पदर उडत होता, खुशी ओरडत होती, आणि दोन्ही बाजूंनी खुर्च्यांवर पहुडलेली मुंबईची माणसं पाय आवरून घेत होती. पाठीवरचा 'आईचा आशीर्वाद' दूर दूर जात होता.

पुंडलिकराव मागून चालत गेले. भरपूर मागून.

विमलताई कठड्याशी थांबल्या होत्या. पाणी, पाणी, पाणी, आणि त्याच्या शेवटी सूर्य टेकायला आलेला. पुंडलिकराव बाजूला येऊन उभे राहिले. शेजारच्या एका बाईंनी फोटो काढू का म्हणून विचारलं, तर विमलताईंनी नुसता हात हलवला, थांबा म्हणून.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले.

"बेंबळ्यावानी आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

पुंडलिकराव पाण्याकडे पाहत राहिले.

"खोटारडे."

"हाव," पुंडलिकराव म्हणाले. आणि हा मात्र खरा हाव होता.

"एवढं पाणी," विमलताई म्हणाल्या, "अन् नुसतं पडून आहे. ना पऱ्हाटी ना तूर. बाई, बाई." मग थोडं थांबून, "आवो, तुमचे पाय दुखत असन. टेका इथी," आणि त्यांनी खुर्चीच्या हाताकडे बोट दाखवलं. पुंडलिकराव तिथे हात ठेवून उभे राहिले. खुशीने हॉर्न दाबला. दूर कुठेतरी जाणाऱ्या एका मालवाहू जहाजाने उत्तर दिलं की नाही यावरून पुढे बोढ्यांच्या घरात बरेच दिवस वाद चालला.

*

कापलेलं पायदान पुंडलिकरावांनी परत आणलं. एवढं जाड लोखंड समुद्रात टाकायचं कायले? विमलताईंनी त्यावर अंगणात पाण्याचा माठ ठेवला. माप बरोबर बसलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी टपरीवरून पुन्हा हाक आली. "काकाजी, काकू पुढं गेल्या ना!"

"जाऊ दे ना लेका," पुंडलिकराव चालता चालता म्हणाले. "तिनं समुद्र पाह्यला आहे. रस्ता तिलेच जास्त समजते."

संध्याकाळी नेमसिंग अंगणात आला. पाणी प्यायला, पावसाचं विचारलं, पुण्याचं विचारलं, पण त्याची नजर माठाखाली होती. घरी त्याच्या बायकोने, बिजलीबाईंनी, पोरीची स्कूटी चालवायला शिकायचं ठरवलं होतं. शिकल्या होत्या. काल त्या एकट्या मार्डीपर्यंत जाऊन आल्या होत्या, आणि उद्या नेमसिंगला मागे बस म्हणत होत्या.

"भाऊ," नेमसिंग हळूच म्हणाला, "हे पायदान देता का? तुमाले तं आता लागत नाई."

पुंडलिकरावांनी माठ उचलून खाली ठेवला. पायदान झटकलं, हातात तोललं आणि नेमसिंगच्या हवाली केलं. तो फाटकापर्यंत गेला तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"नेमसिंग! वेल्डिंग नको करू, बापा. बोल्टच लाव."